‘वर बघा’



या अंकाचं संपादकीय पोटगीच्या थकबाकीवर लिहायचं ठरलं होतं. टिपणंही काढून झाली होती. ती बाजूला ठेवली आहेत. मधल्या काळात आपल्याच घरात एक गोष्ट घडली आणि ती सांगितल्याशिवाय दुसरं काही लिहिणं बरं वाटेना.

शिरूर आणि दौंड तालुक्यांतल्या बचत गटांच्या बायकांचा मोबाईलवरचा एक गट आपण चालवतो. तो सुरू झाला जुलै 2024 मध्ये. ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेचे अर्ज भरायची तेव्हा झुंबड उडाली होती. अंगणवाडीसेविका आपलं रोजचं काम सांभाळून रात्री उशिरापर्यंत बायकांचे कागद बघत होत्या. आपल्यातल्या काही जणींना ही योजना म्हणजे निवडणुकीच्या तोंडावरची ओवाळणी वाटत होती. नोव्हेंबरात विधानसभेची निवडणूक झालीच, आणि आमचं ते मत अजून बदललेलं नाही. पण त्या दीड हजारांच्या निमित्तानं एक झालं. आपल्या नावावर बँकेत खातं आहे का, ते आधारला जोडलेलं आहे का, माहेरचं नाव आणि सासरचं नाव यांत फरक असला तर काय करायचं, असे प्रश्न बायका स्वतः विचारू लागल्या. एरवी कागदाचं काम ‘मालक बघत्यात’ असं म्हणणाऱ्या बायका! खात्याचा प्रश्न सुटला की रेशनकार्डाचा निघे. रेशनकार्डाचा सुटला की हळूच घरातल्या मारहाणीचा. आणि मग, बऱ्याच दिवसांनी, जमिनीचा.

मार्चमधल्या एका रात्री साडेनऊच्या सुमाराला गटावर एक प्रश्न आला. “ताई हक्कसोड म्हंजी काय ओ? दादा म्हणतोय सहीला ये. केल्यावर काय व्हतं?” विचारणारीचं माहेर शिरूर तालुक्यात, सासर भीमेच्या पलीकडे, न्हावरे-चौफुला रस्त्याला लागून असलेल्या एका वाडीवर.

दहा मिनिटांत उत्तर गेलं. “ताई, याची सविस्तर माहिती मागे दिलेली आहे. कृपया वर बघा.” खाली हात जोडल्याचं चित्र.

तिनं अंगठा दाखवला. म्हणजे समजलं. संवाद संपला. तीन आठवड्यांनी चौफुल्याच्या बैठकीत कळलं की त्या प्रश्नानंतर चौथ्या दिवशी ती भावाबरोबर दुय्यम निबंधकाच्या कचेरीत गेली होती. अंगठा लावला, कॅमेऱ्यापुढे बसली, सही केली. वडिलांच्या जमिनीतला तिचा हिस्सा तीन भावांच्या नावे सोडून आली. येताना भावानं साडी घेऊन दिली. “चांगली हाय, जरीची,” असं तीच म्हणाली.

ते ‘वर बघा’ माझं होतं. संपादकीयात ‘आम्ही’ म्हणायची आपली पद्धत आहे, पण इथे ‘आम्ही’च्या आड लपणं बरोबर नाही.

आता माझी बाजूही ऐका, कारण तुमच्यातल्या अनेकींची तीच असणार. हक्कसोडपत्राची माहिती खरोखरच वर होती. जानेवारीत मी स्वतः दीड पानांचा मजकूर लिहून टाकला होता. त्याआधी शिरूरच्या शिबिरात हाच विषय घेतला होता. त्याच्या आधी दौंडला. हा प्रश्न आयुष्यात किती वेळा ऐकला याची गणती मी सोडून दिली आहे. त्या दिवशी तिघींना घेऊन पुण्याच्या कोर्टात जाऊन आले होते. पाठ दुखत होती. मनात आपली जुनी म्हण आली, रामायण सांगून झालं आणि आता विचारते रामाची सीता कोण.

ही म्हण मला आता नकोशी झाली आहे. रामायण चाललं होतं तेव्हा ती कुठे होती हे म्हणणारा कधी विचारत नाही. ती चुलीपाशी होती. गुरं बांधत होती. उसाच्या बांधावर होती. आणि मी ‘वर’ म्हणाले ते ‘वर’ कुठे होतं? फोन तिचा नव्हता, कॉलेजात जाणाऱ्या मुलाचा होता. रात्री जेवणं झाल्यावर तो अर्धा तास तिला द्यायचा. तिला अक्षरं येतात, पण जोडाक्षरं अडतात. दोन-अडीच महिन्यांतले हजारभर निरोप, वाढदिवसांचे केक, गुलाबाची फुलं आणि शुभ सकाळी ओलांडून तिनं माझ्या दीड पानांपर्यंत पोचायचं होतं, तेही मुलगा “आई, झालं का?” म्हणायच्या आत. शिवाय तो दीड पानांचा मजकूर मी परवा पुन्हा वाचला. पहिल्याच वाक्यात ‘सहदायिक’ हा शब्द आहे.

आणि तिनं विचारलं होतं काय? हक्कसोड म्हणजे काय, एवढंच नाही. ‘दादा म्हणतोय सहीला ये.’ त्या वाक्यात तारीख दडलेली होती. “कधी बोलावलंय?” हे दोन शब्द मी उलट विचारले असते तर “रविवारी न्यायला येतोय” असं उत्तर आलं असतं. तिनंच नंतर सांगितलं. मला बेरात्री व्याख्यान द्यायचं नव्हतं, ठीक आहे. पण दोन शब्द?

आपण कार्यकर्त्या नव्या बाईच्या प्रश्नाला प्रास्ताविक समजतो. खरं काम पुढे आहे, मोर्चात, केसमध्ये, धोरणाच्या मसुद्यात, असं वाटतं. पण बाई पहिला प्रश्न बहुतेक वेळा सवड म्हणून विचारत नाही. गळ्याशी आलं म्हणून विचारते. कित्येक दिवस मनात घोळवून, ‘हसतील का’ या भीतीवर मात करून विचारते. आणि एकदाच विचारते. झिडकारलं गेलं तर भांडत नाही, तक्रार करत नाही. अंगठा दाखवते आणि जाते. म्हणून आपल्याला आपली चूक कळतही नाही. या वेळी कळली ती ती बैठकीला येत राहिली म्हणून.

उत्तर काय द्यायला हवं होतं, ते इथेच लिहिते. उशिरा का होईना.

हक्कसोडपत्र म्हणजे सामाईक मिळकतीतला आपला हिस्सा दुसऱ्या हिस्सेदाराला कायमचा सोडून देण्याचा नोंदणीकृत दस्त. बहुतेक वेळा तो विनामोबदला असतो, म्हणजे पैसे मिळाले नाहीत अशी कबुली त्यातच लिहिलेली असते. ‘नुसती सही हाय, नावं कमी करायला’ असं सांगितलं जातं ते अर्धसत्य. नाव कमी होतं म्हणजेच हिस्सा जातो. दस्त झाला की सातबाऱ्यावर फेरफार धरला जातो, संबंधितांना नोटीस निघते आणि हरकतीला पंधरा दिवस मिळतात. मात्र हरकतीनं फार तर नोंद अडते, दस्त रद्द होत नाही. फसवून किंवा दडपणाखाली सही घेतली असेल तर दिवाणी न्यायालयात दावा लावावा लागतो, आणि तो फसवणूक कळल्यापासून तीन वर्षांच्या आत. वकिलाला पैसे नसतील तर तालुक्याच्या न्यायालयातच विधी सेवा समिती असते. 1987 च्या कायद्यानुसार स्त्रीला तिथे मोफत वकील मिळतो, तिचं किंवा नवऱ्याचं उत्पन्न कितीही असो. ही शेवटची गोष्ट आपल्या जुन्या कार्यकर्त्यांतल्याही काहींना ठाऊक नव्हती, बैठकीत लक्षात आलं.

आणि सही करायची नसेल तर? नाही म्हणता येतं. आज नको, कागद वाचून दाखव, नक्कल घरी दे, असं म्हणता येतं. कचेरीत गेल्यावरही म्हणता येतं. दस्त कबूल आहे का हे अधिकाऱ्यानं विचारायचं असतं, ते याचसाठी.

हा कायदा झाला. पण तिला अडलं होतं ते इथे नव्हतं. बैठकीत ती म्हणाली, “हिस्सा घेतला आन् म्हायेर तुटलं तर? बाळतपणाला, दुखण्याखुपण्याला कुठं जायचं?” याला कलम नाही. शिरूर तालुक्यात रांजणगाव, सणसवाडी, शिक्रापूरच्या बाजूला कारखाने आले, एकरांची भाषा जाऊन गुंठ्यांची आली. तिथल्या बहिणींना गेल्या पंचवीस-तीस वर्षांत सहीसाठी जितकी बोलावणी आली तितकी त्यांच्या आयांना आली नव्हती. जमीन कोरडवाहू होती तोवर बहिणीचं नाव सातबाऱ्यावर राहिलं तरी कुणाला खुपत नव्हतं. भाव वाढला तसं ते खुपायला लागलं. आणि बहिणीच्या हातात वजन टाकायला काय आहे? एका बाजूला लाखो रुपये, दुसऱ्या बाजूला दिवाळीची ओवाळणी आणि कधी नवऱ्यानं घराबाहेर काढलं तर जाऊन पडायला एक ओसरी. ती ओसरी तिला लाखांहून मोलाची वाटते, याला आपण ‘जाणिवेचा अभाव’ म्हणून मोकळं होतो. जाणीव तिला पुरती आहे. सासरच्या घरावर तिचं नाव नाही आणि माहेर भावाच्या मर्जीवर आहे, हे ती ओळखून आहे. नवशिक्या बाईचा प्रश्न नीट ऐकला तर कायद्याच्या पुस्तकात नसलेलं असं काहीतरी आपल्याला कळतं. मला हे तीस वर्षांत बैठकीत कुणी सांगितलं नव्हतं, कारण मी व्याख्यान आधी देत होते आणि प्रश्न शेवटी, चहाच्या वेळी घेत होते.

चौफुल्याची बैठक जिथे भरते तिथून केडगाव जवळच आहे. पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनचं केडगाव. त्यांच्या धर्मांतरावरून महाराष्ट्रानं भरपूर वाद घातले आहेत, तो आज विषय नाही. मला त्यांचं वेगळंच काही आठवत राहिलं. 1878 साली कलकत्त्याच्या पंडितांनी विशीतल्या या मुलीला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. तिला संस्कृत शिकवलं होतं तिच्या आईनं, लक्ष्मीबाईंनी, आणि लक्ष्मीबाईंना शिकवलं होतं नवऱ्यानं, अनंतशास्त्री डोंगऱ्यांनी, लोकांचा रोष पत्करून. म्हणजे घरात एकानं दुसरीच्या पाटीवर ‘श्री’ काढून दिला, तिनं तिसरीच्या. एवढी विद्वत्ता हाताशी असलेल्या बाईनं पुढे काय केलं? 1886 साली अमेरिकेत गेल्यावर बालवाडीचं शिक्षण घेतलं आणि पहिल्या इयत्तांसाठी मराठी क्रमिक पुस्तकं तयार करायला बसली. 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं तेव्हा तिथे आलेल्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई, पुढच्या आनंदीबाई कर्वे, या वयानं चांगल्या मोठ्या होत्या. मोठ्या बाईला मुळाक्षरं शिकवणं लहान मुलाला शिकवण्याहून अवघड असतं. साक्षरतेच्या वर्गात उभं राहिलेल्या कुणालाही विचारा. मुलाला चुकायची लाज नसते.

1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून रमाबाईंनी उपाशी, टाकलेल्या मुली आणि बायका केडगावला आणल्या. गुजरातच्या दुष्काळानंतर, 1900 च्या सुमाराला तिथली संख्या दोन हजारांच्या घरात गेली होती. त्यांना विणकाम, शेती, छपाई, सगळं अगदी पहिल्यापासून शिकवावं लागलं. आणि आयुष्याची अखेरची पंधरा-सोळा वर्षं रमाबाई बायबलच्या भाषांतरात गुंतल्या, त्याचं कारण मला फार महत्त्वाचं वाटतं. मराठी भाषांतर आधीच उपलब्ध होतं. कुणीही म्हणालं असतं, आहे की वर, बघा. पण ते संस्कृतप्रचुर होतं, केडगावातल्या साध्या बाईला वाचून कळत नव्हतं. म्हणून हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी ते पुन्हा, सोप्या मराठीत करायला घेतलं. खिळे जुळवले तिथल्याच बायकांनी. 1922 च्या एप्रिलमध्ये रमाबाई वारल्या, ग्रंथ छापून पुरा झाला 1924 मध्ये. त्या ग्रंथावर आपली श्रद्धा असो वा नसो, पंडितेला कठीण भाषा येत होती आणि तिनं ती बाजूला ठेवली, एवढं दिसतंच.

आपल्या मासल्याचे दोन शब्द बघा. एका शिबिरात नुकतीच येऊ लागलेली एक मुलगी उठून म्हणाली, “लिंगभाव म्हणजे नक्की काय?” मागच्या रांगेत हशा पिकला. मुलगी बसली, पुढच्या शिबिराला आली नाही. खरं सांगायचं तर हसणाऱ्यांपैकी कितीजणींना तो शब्द साध्या मराठीत फोडून सांगता आला असता, मला शंका आहे. आपण तो शब्द नव्वदच्या दशकात उचलला, तेव्हा आपणही एकमेकींना विचारूनच उचलला होता. त्या काळी विचारायला मैत्रिणी होत्या, रात्र रात्र गप्पा होत्या. आज येणाऱ्या मुलीला आपण घडवलेला, कडक झालेला शब्द हातात मिळतो.

ग्रामपंचायतीचंही तेच झालं. 1993 मध्ये 73 वी घटनादुरुस्ती अमलात आली, एक तृतीयांश जागा राखीव झाल्या, महाराष्ट्रात 2011 पासून निम्म्या. निवडून आलेल्या बायकांचे पहिले प्रश्न काय होते? “सभेचं बुक घरी सहीला येतं, केली तर चालतं का?” “ठरावाला सूचक म्हणून माझं नाव घातलंय, म्हणजे मी काय केलं?” अधिकाऱ्यांना हे प्रश्न बावळट वाटले. पण गावातला पैशाचा सगळा व्यवहार त्या एका बुकावर चालतो. सभा न भरवता घरोघर सह्या गोळा करायच्या ही जुनी सवय होती आणि पुरुष सदस्य वर्षानुवर्षं मुकाट सही करत आले होते. ‘चालतं का’ असं विचारायला कारभाराची सवय नसलेलं माणूसच लागलं. जिला कुणी नीट उत्तर दिलं तिनं पुढच्या वेळी बुक परत पाठवलं. जिला ‘चालतंय ओ, सगळेच करतात’ असं सांगितलं, ती पुढे चौकशीत सापडली तर आपण तिलाच दोष दिला, किंवा तिच्या नवऱ्याला.

आता अनुभवी म्हणवणाऱ्यांविषयी थोडं. 1 जुलै 2024 ला भारतीय न्याय संहिता लागू झाली. एका रात्रीत 498अ चं 85 झालं. पाठ झालेले सगळे आकडे गेले. पोलीस ठाण्यात मी तोंडानं ‘चारशे अठ्ठ्याण्णव’ म्हणत होते आणि समोरचा जमादारही कोष्टकात बोट फिरवत होता. आपण सगळ्याच त्या दिवशी पुन्हा पहिल्या यत्तेत बसलो. मी एका तरुण वकील मुलीला महिनाभर तेच तेच विचारत होते. तिनं मला एकदाही ‘वर बघा’ म्हटलं नाही.

दुसरी गोष्ट जास्त अवघड आहे. महाराष्ट्रानं 1994 मध्ये मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः हक्क दिला, पण 22 जून 1994 च्या आधी लग्न झालेल्या मुलींना त्यातून वगळलं. आपण तेव्हा गावोगाव तसंच सांगत होतो आणि ते बरोबर होतं. 9 सप्टेंबर 2005 पासून केंद्राच्या दुरुस्तीनं ती अट गेली. ऑगस्ट 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं, 2005 मध्ये वडील हयात असण्याचीही गरज नाही, असं स्पष्ट केलं. (20 डिसेंबर 2004 पूर्वी रीतसर वाटप किंवा विक्री झाली असेल तर ती मात्र उकरता येत नाही.) पण आपल्यातल्या काही जणी 2005 नंतरही कितीतरी दिवस ‘लग्न कधी झालं? चौऱ्याण्णवच्या आधी? मग काही नाही’ असं सांगत राहिल्या. वडिलांच्या स्वतःच्या वाट्यात मुलगी 1956 पासूनच वारस आहे, हेही त्या धांदलीत सांगायचं राहून जाई. उत्तर तोंडपाठ होतं, म्हणून तपासलं नाही. एखादी नवखी बाई “पण ताई, माझ्या जावेला तर मिळालं, तिचं लग्न माझ्याआधीचं” असं म्हणून अडून बसली तेव्हा कुठे आपण पुस्तक उघडलं. चुकीच्या उत्तरानं किती जणी परत गेल्या असतील, त्याचा हिशेब आपल्याकडे नाही.

तेव्हा उत्तर येत नसेल तर ‘मला माहीत नाही, उद्या विचारून सांगते’ असं म्हणावं आणि उद्या खरंच सांगावं. यात कमीपणा नाही. बाईला आपण सर्वज्ञ वाटायलाच हवं असा हट्ट पुढाऱ्यांना असतो, आपल्याला कशाला?

बैठकीत एकीनं रास्त आक्षेप घेतला. ती म्हणाली, “तुम्ही म्हणता ते खरं, पण आम्हीही माणसं आहोत. पगार नाही, घरचं सुटत नाही, फोन रात्री अकराला वाजतो. तेच तेच सांगून घसा बसतो.” आक्षेप खरा आहे. संघटनेत हात कमी झालेत, होते ते थकलेत. अशा वेळी उत्तर देण्याचं काम सगळ्यात जाणत्या बाईच्या गळ्यात घालून आपण दोघींचंही नुकसान करतो. जाणती वैतागते, नवखी बुजते. गेल्या वर्षी स्वतःचं हक्कसोडीचं बोलावणं परतवलेली एक मैत्रीण दौंड तालुक्यातल्या गटात आहे. माझा ‘वर बघा’ तिनं दुसऱ्या दिवशी सकाळी वाचला आणि त्या बाईला आपल्या आवाजात चार मिनिटांचा निरोप पाठवला. “आक्के, म्या बी घाबरले व्हते. आधी कागूद घरी आण म्हन.” एवढ्यानं तिचा निरोप सुरू होतो. त्यात एक कलम नाही, आणि सगळं आहे. निरोप पोचला तेव्हा फोन मुलाबरोबर कॉलेजात होता. आईनं तो ऐकला सही करून आल्यावर.

आदल्या रात्री मी उत्तर दिलं नसतं, तर कदाचित दुसऱ्या कुणी तेव्हाच दिलं असतं. मी उत्तर दिल्यामुळे बाकीच्यांना वाटलं, ताई बोलल्या, विषय झाला.

त्यामुळे आता गटावर दर आठवड्याला दोघी जणी ठेवायचं ठरलं आहे, एक जुनी आणि एक वर्षभरात आलेली. उत्तर आधी नवीन देईल, चुकलं तर जुनी दुरुस्त करेल, सगळ्यांसमोर आणि गोडीनं. बाई वाचू शकत नसेल तर आवाजात उत्तर द्यायचं. आणि कागदाचा, सहीचा, तक्रारीचा प्रश्न असेल तर आधी ‘कधी?’ विचारायचं. या अंकापासून शेवटचं पान ‘पहिला प्रश्न’ या नावानं ठेवलं आहे. दर वेळी एकच प्रश्न आणि त्याचं पुरतं उत्तर, गटात मोठ्यानं वाचून दाखवता येईल असं. पुढच्या अंकासाठी तुमच्या गटात आलेला, तुम्हाला हसू आलेला एखादा प्रश्न आवर्जून पाठवा.

सही करून आलेल्या बाईचं काय झालं? दस्ताची नक्कल काढली आहे. विनामोबदला असं लिहिलं आहे. तिला काय सांगून नेलं होतं हे ती दोन साक्षीदारांसमोर बोलली आहे. दावा लावायचा की नाही ते तिनं अजून ठरवलेलं नाही आणि आम्ही घाई करत नाही. तीन वर्षं आहेत, ते तिला नीट सांगितलं आहे.

गेल्या बैठकीला ती एकटी आली नव्हती. बरोबर नणंद होती. सासरच्या सातबाऱ्यावर त्या नणंदेचं नाव लागलेलं आहे आणि तिलाही सहीचं बोलावणं होतं, येत्या सोमवारचं. बोलावणारा तिचा भाऊ, म्हणजे आपल्या मैत्रिणीचा नवरा. हिस्सा सुटला तर तो हिच्याच घरात येणार होता. तरी हीच तिला घेऊन आली होती, स्वयंपाक उरकून, वडापमधून. “मला कुनी सांगितलं न्हाई, हिला सांगा,” एवढंच म्हणाली आणि माझ्याकडे न बघता मागे जाऊन बसली.

नणंदेनं तोच प्रश्न विचारला. दौंडच्या मैत्रिणीनं उत्तर दिलं, मी सातबारा वाचला. चार नावं आहेत, तिचं तिसरं. तास-सव्वा तास लागला.

सोमवारी ती गेली नाही. कागद घरी आणून दाखव, असा निरोप तिनं भावाला दिला. त्याचा अजून फोन नाही. आपल्या मैत्रिणीच्या घरात त्यावरून काय चाललं आहे ते ती सांगत नाही, आम्ही दर दोन दिवसांनी फोन करून नुसतं कशी आहेस विचारतो. राखीपौर्णिमा पुढच्या महिन्यात आहे.